आठवीच्या पातळीचं एक पान

वॉलमनच्या जागेला आठवीच्या वरचं शिक्षण चालत नसल्यामुळे डॉ. चंद्रसेन बोधले मंगळवारी सकाळी आपलं जादा शिक्षण उतरवून द्यायला कारळी नगरपालिकेत गेले, आणि त्यासाठी बायकोची ना हरकत लागते म्हणून वसुधालाही हातातलं फॉल-पिकोचं काम टाकून बरोबर जावं लागलं.

वॉलमन म्हणजे गावाला पाणी सोडणारा माणूस. खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून तो गल्लीगल्लीत जातो, रस्त्यातलं झाकण उचलतो, चावी आत घालतो आणि फिरवतो. कारळीत नळाला चार दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे नगराध्यक्षाचं नाव ठाऊक नसलेली माणसंसुद्धा वॉलमनला नावानं ओळखतात. चंद्रसेनची पीएच.डी. याच गावातल्या पाण्याच्या जुन्या पाळ्यांवर होती. कोणत्या आळीनं कोणत्या साली कोणाचा पाट फोडला, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगू शकायचा. मुलाखतीत त्यानं ते सांगितलं, आणि तिथंच घोडं अडलं.

"म्हणजे तुम्हाला पाणीवाटपाची माहिती आहे?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं होतं.

"हो, बऱ्यापैकी."

"मग अवघड आहे. माहिती असलेला माणूस टिकत नाही. उद्या निघून जाल तुम्ही."

"कुठं जाऊ?" चंद्रसेननं विचारलं. याचं उत्तर कुणाकडेच नसायचं. कापडदुकानात नव्हतं, पतपेढीत नव्हतं, पेट्रोल पंपावर नव्हतं. ज्या कॉलेजात तो नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होता, तिथला विषयच बंद झाला होता. बाकी सगळीकडे त्याला पाणी विचारायचे, बसा म्हणायचे, सर म्हणायचे आणि परत पाठवायचे. घरी येऊन तो त्या त्या मालकाची नक्कल करून दाखवायचा. वसुधा हसायची. गेल्या वर्षापासून तिला त्या नकला बघताना मशीनवरची सुई कुणाच्या तरी डोळ्यात खुपसावी असं वाटायला लागलं होतं.

जादा शिक्षण कक्ष जन्म-मृत्यू नोंदणीच्या शेजारी होता. कक्षात कळसकर नावाचे कारकून बसत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, सरळ, सावकाश माणूस. त्यांनी गुणपत्रकं वरपासून खालपर्यंत लावून घेतली.

"पीएच.डी., एम.ए., बी.ए., बारावी, अकरावी, दहावी, नववी," ते म्हणाले. "सात नग. आठवीनंतर जे जे शिकलात ते सगळं निघतं. अभ्यासातलं आणि अभ्यासाबाहेरचं. वर्ष फोडून मिळत नाही."

"आणि वय?" वसुधानं विचारलं.

"वय नगरपालिकेच्या अखत्यारीत येत नाही, बाई. वय आहे तेच राहतं. चालणं, दाढी करणं, सही, ह्या सवयीच्या गोष्टी. त्याही राहतात. तुमची ओळख कधीची?"

"एम.ए.च्या पहिल्या वर्षाची."

"मग तुम्ही निघणार." त्यांनी ना हरकतीचा नमुना पुढे केला. "म्हणजे तुम्ही नाही. तुमच्याविषयीची माहिती निघणार. तुम्ही घरीच."

वसुधानं नमुना वाचला. तो छापील होता, म्हणजे याआधीही लागला होता. तिनं तसं विचारलं.

"स्मशानभूमीच्या रखवालदारांनी बी.कॉम. काढलं गेल्या वर्षी. मिसेस बी.कॉम.च्याच होत्या. आता बरं चाललंय दोघांचं. सुरुवातीला बाईंनी गळ्यात नावाची पट्टी घातली होती."

चंद्रसेननं बायकोचा चेहरा बघितला आणि कागद बाजूला सारला. "नको करूस सही," तो म्हणाला. "पंपावर परत एकदा विचारून बघतो."

"पंपावर तू तीनदा विचारलंयस. तिसऱ्यांदा त्यांनी तुझ्या हस्ते तिथल्या गणपतीची आरती करून घेतली आणि परत पाठवलं."

"मग काय करायचं?"

"मला माहीत नाही काय करायचं," वसुधा म्हणाली. "मी वैतागलेय, चंदू. मला घरात एक माणूस हवाय जो सकाळी कामाला जातो आणि संध्याकाळी दमून येतो. तुला सर म्हणून हाकलणाऱ्यांची आता मला शिसारी आलीय." आणि तिनं सही केली. सही अगदी नेहमीसारखी नीट आली. याचं तिला नंतर फार वाईट वाटलं.

कळसकरांनी सही तपासली आणि अडचण निघण्याच्या आत तोडगा सांगितला. आठवीपर्यंतच्या पातळीचं नवीन काही शिकायला उमेदवाराला मुभा असते. तेव्हा बाईंनी स्वतःविषयीची माहिती आठवीच्या पातळीवर लिहून आणावी. एकच पान, पाठपोट नाही. शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी ते तपासलं की शिक्षण उतरवल्यावर उमेदवाराला वाचून दाखवता येईल.

वसुधा तीन दुपारी लिहीत बसली. पहिल्यांदा सात पानं झाली. काटछाट करून तिनं ती एकावर आणली आणि शुक्रवारी पंचायत समितीत विस्तार अधिकारी ढवळे साहेबांपुढे ते पान ठेवलं. ढवळे साहेबांनी लाल पेनाचं टोपण काढलं.

"'माझं नाव वसुधा. मी चंद्रसेनची पत्नी आहे.' ठीक. 'विद्यापीठाच्या ग्रंथालयात एकाच पुस्तकासाठी आमचं भांडण झालं आणि तशी आमची ओळख झाली.' विद्यापीठ आठवीला येत नाही." त्यांनी काट मारून 'आमचं एका पुस्तकासाठी भांडण झालं' एवढंच ठेवलं. "'मला चहात साखर कमी लागते.' हे उत्तम. हे पाचवीलाही चालेल. पुढे काय आहे? 'ज्या दिवशी नोकरीचा नकार येतो त्या दिवशी तो जास्त विनोद करतो, मी हसते, पण आपण खोटं हसतोय हे दोघांनाही माहीत असतं.' हे पदवीच्या पातळीचं आहे, बाई."

"आम्ही रोज करत होतो."

"करत असाल. समजायला पदवी लागते." त्यांनी ते पूर्ण खोडलं. "'एकदा मी चिडून माहेरी गेले. तो न्यायला आला नाही. त्यानं पत्र पाठवलं आणि पत्रात फक्त गॅलरीतल्या लिंबाला फूल आल्याचं लिहिलं. मी परत आले.' यात परत यायचं कारण कुठंय?"

"तेच कारण आहे."

"लिंबाला फूल आलं म्हणून?"

"हो."

ढवळे साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचून बघितलं. माणूस प्रामाणिक होता, उगाच खोडायचं म्हणून खोडणारा नव्हता. "कार्यकारणभाव लागत नाही," ते शेवटी म्हणाले. "दहावीच्या पोरालासुद्धा लागणार नाही." आणि तेही गेलं.

सगळ्यात जास्त वेळ 'माझं त्याच्यावर प्रेम आहे' या वाक्याला लागला. ढवळे साहेबांनी कपाटातून मूल्यशिक्षणाची पुस्तिका काढली. सहावीत प्राणिमात्रांवर प्रेम करावे असं आहे, पण पतीचा उल्लेख नाही, असं त्यांनी दाखवून दिलं. वसुधानं पती हाही प्राणीच आहे असं म्हणून बघितलं. दोघांची घासाघीस होऊन 'मी त्याच्याशी प्रेमाने वागते' यावर तडजोड झाली. पानावर आठ वाक्यं उरली. खाली 'आठवी, योग्य' असा शिक्का बसला.

सोमवारी चंद्रसेन कक्षातल्या स्टुलावर बसला. कळसकर एकेका गुणपत्रकावरचे विषय मोठ्यानं वाचत, जांभळा शिक्का मारत आणि गुणपत्रक लाल फडक्यात ठेवत. शिक्का बसला की तेवढं जायचं. पीएच.डी. गेली तेव्हा त्याचे खांदे थोडे खाली आले, बस. एम.ए.चा कागद हातात घेतल्यावर कळसकरांनी वसुधाकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. शिक्का बसल्याचा आवाज झाला. तिनं वळून बघितलं तेव्हा चंद्रसेन तिच्याकडेच बघत होता, बँकेत रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईकडे बघावं तसा.

नववी उतरल्यावर कळसकरांनी गाठोड्याला गाठ मारली. "परत कधी मिळतं?" वसुधानं विचारलं.

"सेवानिवृत्तीला. वाळवी लागली नसली तर."

"ताई," चंद्रसेन तिला म्हणाला, "प्यायला पाणी मिळेल का इथं?"

वसुधानं त्याला पाणी दिलं आणि मग पान वाचून दाखवलं. त्यानं लक्ष देऊन ऐकलं. पान संपल्यावर तो बरं म्हणाला, पानाची नीट घडी घालून खिशात ठेवली आणि तिच्या मागोमाग घरी आला. पाण्याच्या टाकीमागे दोन खोल्यांचं घर होतं. खाटेवर बसण्याआधी त्यानं बसू का म्हणून विचारलं.

वॉलमन म्हणून तो चांगला निघाला. प्रत्येक गल्लीला बरोबर चाळीस मिनिटं. कुणी चहा पाजला म्हणून एक्केचाळीस नाहीत आणि कुणी शिव्या दिल्या म्हणून एकोणचाळीस नाहीत. सकाळी कामाला जायचा, संध्याकाळी दमून यायचा. वसुधाला हवं होतं ते सगळं झालं होतं, आणि ती दिवसभर मशीनवर बसून दात ओठ खात होती. त्याच्यावर चिडावं तर तो बिचारा काहीच चुकत नव्हता. रोज सकाळी पान वाचायचा. चहात साखर कमी घालायचा. नकला करत नव्हता, कारण नकला करण्यासारखं त्याला कुणी काही बोलतच नव्हतं.

एका संध्याकाळी तिला राहवलं नाही. तिनं त्याला पुस्तकासाठीचं भांडण कुठं झालं ते सांगितलं.

"विद्यापीठ म्हणजे?" त्यानं विचारलं.

तिनं विद्यापीठ समजावून सांगितलं. मग ग्रंथालय. दुसऱ्या दिवशी लिंबाच्या फुलाचं. तो ऐकायचा, मध्येच एखादा प्रश्न विचारायचा, आणि प्रश्न बरा असायचा. वसुधाचा चेहरा त्या आठ-पंधरा दिवसांत जरा मोकळा दिसायला लागला होता. शेजारणींनीही तसं म्हटलं.

मग तिमाही पातळी तपासणी झाली. तीत वॉलमन बोधले आठवी अधिक साडेतीन महिने एवढे भरले. जादा साडेतीन महिने कुठून आले याची चौकशी झाली, आणि वसुधाच्या नावानं घरी पत्र आलं. पत्रात लिहिलं होतं की श्रीमती वसुधा बोधले, एम.ए., या वॉलमनची पत्नी या पदासाठी अतिपात्र आढळून आल्या आहेत. तरी त्यांनी पंधरा दिवसांत एकतर आपलं शिक्षण पतीच्या पातळीवर आणावं किंवा पद रिकामं करावं. अन्यथा वॉलमन बोधले यांची सेवा संपुष्टात येईल.

वसुधा पत्र घेऊन तशीच कक्षात गेली. पदराला दोरे चिकटलेले होते.

"मी नोकरी मागायला आले नव्हते तुमच्याकडे," ती म्हणाली.

"पत्नी हेही पदच आहे, बाई. रेशनकार्डावर आहे."

"अकरा वर्षं मी या पदावर आहे. तेव्हा कुणी पात्रता विचारली नाही."

"तेव्हा साहेब पीएच.डी. होते. तुम्ही कमी पडत होतात. कमी पडायला कुणाची हरकत नसते." कळसकरांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. पाणी आलेलं बघून वसुधाच्या लक्षात आलं की हे सगळं तिनं चंद्रसेनच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि पुढचं वाक्यही तिला पाठ आहे. "तुम्ही टिकणार नाही," कळसकर म्हणाले. "आठवीच्या माणसाबरोबर एम.ए. बाई किती दिवस राहणार? उद्या निघून जाल."

"कुठं जाऊ?" वसुधा म्हणाली.

कळसकरांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं.

"नोकरी गेली तर त्याचं शिक्षण परत द्याल?"

"निवृत्तीशिवाय गाठोडं सुटत नाही."

म्हणजे नोकरी नसलेला, आठवी पास, चाळिशीला आलेला नवरा. वसुधानं कपाळाला हात लावला. कारळीत आठवी पास माणसाला दुसरी जागा नव्हती. आठवीची जागा एकच होती आणि तिच्यावर चंद्रसेन बसला होता. तिनं स्वतःच्या शिक्षणाचा विचार करून बघितला. एम.ए.चा तिला फॉल-पिकोत आजवर काडीचा उपयोग झाला नव्हता. शिवणकाम ती सातवीत आईकडून शिकली होती, ते राहणार होतं. जाणार होतं ते एवढंच की तिच्या खाटेवर बसू का म्हणून विचारणारा हा माणूस एकेकाळी कोण होता, हे. ते आता जगात तिला एकटीलाच माहीत होतं.

"त्याच्याविषयीचं पान कोण लिहिणार?" तिनं विचारलं.

"पती. नियमाप्रमाणे."

"पण त्याला काय माहितीय?"

"जेवढं असेल तेवढं लिहितील. उमेदवारानं मात्र आधी वाचायचं नसतं."

तिला खरी भीती या पानाची वाटली. शिक्षण जाईल त्याची नाही. तो चार ओळी लिहील. नाव, हुद्दा, टाकीमागचं घर. आणि ह्या चार ओळींवर तिला पुढचं सगळं आयुष्य काढावं लागेल, आणि चारच ओळी आहेत याचा राग यायलाही ती शिल्लक नसेल.

चंद्रसेन तीन दिवस पाणी सोडून आला की भिंतीकडे तोंड करून लिहीत बसे. वहीचं पान हातानं झाकून. वसुधा काही विचारत नव्हती. एकदा फक्त तिनं विचारलं, "पान भरतंय का?"

"भरलं," तो म्हणाला. "आता बारीक अक्षर काढतोय."

ढवळे साहेबांनी ते पान तिच्यासमोरच वाचलं, कागद आपल्याकडे वळवून. वाचता वाचता त्यांनी पेनाचं टोपण परत लावून टाकलं. एकही रेघ मारली नाही. "काढण्यासारखं काही नाही," ते म्हणाले, आणि शिक्का मारला.

पंधराव्या दिवशी सकाळी वसुधा स्टुलावर बसली. लग्नातली चांगली साडी नेसून आली होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. चंद्रसेन दाराशी चावी घेऊन उभा होता, कारण त्याला पुढे पाणी सोडायला जायचं होतं. कळसकर वाचायला लागले. तिनं चंद्रसेनवरची नजर काढली नाही. एम.ए.चा शिक्का बसला, मग बी.ए.चा, मग बारावीचा. दाराशी एक माणूस खांद्यावर लोखंडी चावी घेऊन उभा होता. पाणी सोडणारा असावा. तो तिच्याकडे फारच टक लावून बघतोय असं तिला वाटलं, म्हणून तिनं पदर सारखा केला.

नववी उतरल्यावर कळसकरांनी तिच्या हातात एक कागद दिला. "हे वाचा," ते म्हणाले. "यांनी लिहिलंय." अक्षर मोठं सुरू होऊन खाली बारीक होत गेलं होतं. तिनं सावकाश वाचलं.

'माझं नाव चंद्रसेन. मी गावाला पाणी सोडतो. तुम्ही माझी पत्नी आहात. हे मलाही आधी माहीत नव्हतं. तुम्ही मला एका पानावर लिहून दिलं होतं. त्या पानात आठ वाक्यं होती. मी ती एक एक करून तपासली. सगळी खरी निघाली. तुम्ही प्रेमाने वागता असं त्यात होतं, तेही खरं निघालं. तुम्ही बऱ्याच वेळा रागावता, ते त्यात नव्हतं. राहून गेलं असेल. तुम्ही मला आणखी काही गोष्टी सांगितल्या, त्या लिहायला मला परवानगी नाही, पण त्या सांगताना तुम्ही छान दिसत होतात. तुम्ही रागावलात की मला काय करायचं ते कळत नाही. मी तुमच्या मशीनजवळ जाऊन बसतो. तुम्ही जा म्हणत नाही. म्हणून मी पुढेही तसंच बसणार आहे. तुम्ही घाबरू नका.'

तिनं कागद दोनदा वाचला आणि त्या माणसाकडे बघितलं. तो दाराशीच थांबला होता.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"यात मी रागावते असं लिहिलंय."

"हो. खूप."

"कशावर रागावत होते मी?"

चंद्रसेननं चावी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. त्यानं खरोखर विचार केला. "ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "ते तुम्हाला माहीत होतं."

वसुधानं आठवून बघितलं. काही आठवलं नाही. टाकीमागच्या गल्लीचं पाणी साडेअकराला सोडायचं होतं, म्हणून मग ती उठली, कागदाची घडी घातली आणि दोघं निघाले. कळसकरांनी पुढचा नंबर पुकारला.